मेंदूचा फोटो काढलात, शिडीचा कधी काढणार?

व्यसन हा मेंदूचा आजार आहे, असं आता सगळे शहाणे म्हणायला लागलेत. बरं झालं. कालपर्यंत हेच शहाणे म्हणत होते की व्यसन यांच्या रक्तातच आहे. झोपडपट्टी म्हटली की दारू, दारू म्हटली की आम्ही, हा हिशोब यांना पाळण्यातच शिकवलेला. रक्तातून डोक्यापर्यंत चढायला यांना इतक्या पिढ्या लागल्या. चला, चढले तर खरे.

मी गोदीत ठेकेदाराचा माणूस. दहावी पास. कविता लिहितो. मेंदूवर लिहिण्याचा तुला अधिकार काय, असं कुणी विचारील. विचारणाऱ्याने आधी हे सांगावं की आमच्या मेंदूवर बोलण्याचा अधिकार त्याला कुणी दिला. मेंदू आमचा, धूर आमच्या पोरांच्या छातीत, लॉकअपमध्ये ओकणारं पोर आमचं, आणि भाषण मात्र यांनी करायचं! मी मिळेल ते वाचलं. फोनवर वाचलं, जुन्या पुस्तकांत वाचलं, इंग्रजी अडलं तिथं टॅली क्लार्कला विचारलं. जे कळलं ते गोदीच्या भाषेत मांडतो. पटत नसेल त्याने खोडून काढावं.

आधी यांचं खरं किती, ते बघू. कारण दोस्तहो, ते बरंच खरं आहे, आणि आपल्यातल्या काही जणांना ते खरं ऐकायचं नाहीये.

१९५४ साली कॅनडात माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या दोघांनी उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवली. बसवायची होती एका जागी, चुकून बसली भलतीकडे. मग उंदराला एक खटका दिला. दाबलास की मेंदूच्या त्या जागी वीज. उंदीर दाबत सुटला. तासाला शेकडो वेळा, पुढच्या प्रयोगांत हजारांवर. नंतर असंही दिसलं की उपाशी उंदीर खाणं बाजूला ठेवून खटकाच दाबतो. त्या उंदराला कुणी आळशी म्हटलं नाही, चारित्र्यहीन म्हटलं नाही, त्याच्या आईबापांचा उद्धार केला नाही. तेवढा मान उंदराला मिळाला.

पुढे कळलं की या खेळात डोपामिन नावाचं रसायन आहे. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी दाखवलं की डोपामिन मेंदूत स्वतःचं स्वतंत्र काम करतं. त्याबद्दल त्यांना २००० साली नोबेल मिळालं. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी, त्यांत डोपामिन बनवणाऱ्या फक्त काही लाख. मूठभर टोळी, पण सगळ्या बंदरावर तिचा हुकूम. मेंदूच्या मध्यभागात खालच्या अंगाला व्हेंट्रल टेगमेंटल एरिया नावाची जागा आहे. तिथून ही वाट निघते, पुढे न्यूक्लिअस अॅक्युम्बन्सला लागते, आणि आणखी पुढे कपाळामागच्या भागात जाते, जिथं माणूस स्वतःला ‘थांब, उद्याचं बघ’ म्हणून सांगतो.

काम चालतं ते गोदीसारखंच. एक पेशी माल सोडते. पुढच्या पेशीच्या धक्क्यावर तो घ्यायला माणसं उभी असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. उरलेला माल परत पहिल्या गोडाऊनला नेणारी एक टोळी असते, ती ट्रान्सपोर्टर. भाकरी खाल्ली, पोरीने हसून बघितलं, पगार झाला की थोडा माल सुटतो, उतरतो, परत जातो. धक्का मोकळा. आता कोकेन काय करतं? परत नेणारी टोळी अडवून ठेवतं. माल साचत जातो. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, त्याहून हरामी. ते परत नेणाऱ्या टोळीलाच उलटं चालवतं, गोडाऊनमधला माल बाहेर काढायला लावतं. गर्दची तऱ्हा तिसरी. डोपामिनच्या पेशीला आवर घालणाऱ्या काही पेशी असतात, मुकादमासारख्या. गर्द मुकादमालाच झोपवतं, मग टोळीला धरबंध राहत नाही. तंबाखूतलं निकोटीन थेट पेशीला ढोसतं. दारू एका दारानं येत नाही, चार दारांनी येते. वाटा निरनिराळ्या, धक्का एकच.

पण डोपामिन म्हणजे मजा, असं जे जाहिरातीत सांगतात ते अर्धवट आहे. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना फळाचा रस देऊन त्यांच्या डोपामिन पेशी ऐकल्या. १९९७ साली त्याचा मोठा लेख आला. अचानक रस मिळाला की पेशी कडकडतात. पण दिवा लागल्यावर रस मिळतो हे एकदा माकडाला कळलं की पेशी रसाला बोलत नाहीत, दिव्याला बोलतात. आणि दिवा लागून रस आलाच नाही, तर बरोबर त्या वेळेला त्या गप्प पडतात. म्हणजे डोपामिन हा हिशोबनीस आहे. ठरल्यापेक्षा जास्त मिळालं की टिक, कमी मिळालं की फुली. नशेचा पदार्थ हा हिशोबच खोटा करतो. दर वेळी वहीत लिहितो की ‘अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं’. पेशी बिचारी शिकत जाते. पुडीपर्यंत नेणारी प्रत्येक खूण तिच्यासाठी दिवा होते.

हे मला पुस्तकाआधी माझ्या मावसभावाने दाखवलं. त्याला एका व्यसनमुक्ती केंद्रात टाकला होता. नाव घेत नाही. तीन महिने, आणि मावशीने पोत गहाण टाकून भरलेले पैसे. तिथं टर्की लागली तेव्हा त्याला खाटेला बांधला, थंड पाणी ओतलं, पट्ट्याने मारला. ‘इच्छाशक्ती’ वाढवत होते साले. बाहेर आला तेव्हा गाल भरलेले, डोळे स्वच्छ. मावशीने ओवाळलं. मी त्याला घेऊन स्टेशनकडे निघालो. ज्या पुलाखाली तो पन्नी ओढायचा तो पूल आला. तिथं कुणी नव्हतं. नुसता पूल, मुताचा वास, आणि चुरगाळलेली चांदी. त्याच्या पोटात मुरडा आला, नाक गळायला लागलं, घाम फुटला. तीन महिने अंगात कणभर माल नाही आणि एका पुलाने त्याला टर्की लावली! मला म्हणाला, ‘दादा, मला नकोय रे, पण मला पायजे.’

या एका वाक्यासाठी मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांना कितीतरी वर्षं उंदीर पाळावे लागले. त्यांनी दाखवलं की आवडणं वेगळं आणि हवंहवंसं वाटणं वेगळं. डोपामिन जवळजवळ संपवलेल्या उंदराच्या तोंडात साखर घातली तर तो चाटतो, त्याला आवडते. पण साखरेसाठी तो जागचा हलत नाही. म्हणजे डोपामिन ओढ लावतं, सुख नाही. जुना गर्दुल्ला सुख कधीच विसरलेला असतो, उरते ती ओढ. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी या ओढीला तण्हा म्हटलं होतं आणि दुःखाचं मूळ तिथं आहे म्हणून सांगितलं होतं. असो. तो विषय मोठा आहे.

तर हे खरं. व्यसनी माणसाच्या मेंदूत डी-टू नावाचे डोपामिनचे रिसेप्टर कमी दिसतात, कपाळामागचा थांबवणारा भाग मंद चालतो, हे अमेरिकेतल्या नोरा व्होल्कोव्ह यांनी मेंदूच्या चित्रांतून पुन्हा पुन्हा दाखवलं. १९९७ साली तिथल्या सरकारी संस्थेचे प्रमुख अॅलन लेश्नर यांनी ठणकावून लिहिलं की व्यसन हा मेंदूचा आजार आहे. मला ते मान्य आहे. ज्याला मान्य नाही त्याने त्या पुलाखाली यावं.

पण इथूनच यांची बदमाशी सुरू होते. गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात एक मोठे डॉक्टर आले होते. पडद्यावर मेंदू दाखवला, लाल-पिवळा, छान. हा निरोगी, हा व्यसनी. मग म्हणाले, छंद जोपासा, सकाळी फिरायला जा, ताण घेऊ नका. कुठे फिरायला जा, डॉक्टरसाहेब? गटारावरच्या फळीवर? पाळी संपवून माणूस रात्री दोनला येतो, दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण पालथे पडलेले असतात, त्यात कुठला छंद जोपासू? पोस्टाची तिकिटं गोळा करू? तुम्ही मेंदू दाखवलात, पण तो मेंदू कुणाच्या धडावर होता, ते धड कुठं उभं होतं, त्याच्या डोक्यावर कुणाचा पाय होता, हे चित्रातून कापून टाकलंत.

म्हणून तुमच्याच शास्त्रातलं एक पान तुम्हाला वाचून दाखवतो. २००२ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठातून माकडांवरचा एक प्रयोग छापून आला. वीस माकडं. आधी प्रत्येकाला वेगळं ठेवलं आणि मेंदूची चित्रं घेतली. फरक काही नव्हता. मग चार-चारांचे गट करून एकत्र ठेवलं. माकडंच ती, लगेच उतरंड लागली. एक वरचा, एक त्याच्याखाली, एक आणखी खाली, एक सगळ्यांच्या लाथा खाणारा. पुन्हा चित्रं घेतली. वरच्या माकडांच्या मेंदूत डी-टू रिसेप्टर वाढलेले. खालच्यांचे होते तिथंच. मग सगळ्यांना खटका दाबून कोकेन घ्यायची मुभा दिली. खालच्या माकडांनी जास्त घेतलं. वरच्यांना त्याची तेवढी ओढ लागली नाही.

पुन्हा वाचा. एकटे होते तेव्हा मेंदू सारखे. जन्माने कुणी वरचा नव्हता, रक्तात काही नव्हतं. शिडीवर चढवलं तेव्हा मेंदू बदलला. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती शिडी डोक्याच्या आत काय करत असेल, याचा थोडा अंदाज चार माकडांच्या पिंजऱ्यातून येतो. ती उतरंड काही महिन्यांची होती. आमची किती शतकांची आहे, ते तुम्ही मोजा.

माणूस म्हणजे माकड नव्हे, हे मलाही कळतं. कोकेन म्हणजे गर्द नव्हे, पिंजरा म्हणजे वस्ती नव्हे. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पुढे त्याच माकडांना लांब काळ कोकेन मिळत राहिलं तेव्हा वरच्या-खालच्यातला तो फरक पुसला गेला. म्हणजे शिडी दार उघडते, पण आत शिरलेला माल मग कुणालाच सोडत नाही. श्रीमंतांची पोरंही एमडी घेतात असं जे सांगतात त्यांना हेच उत्तर. घेतात. मेंदू त्यांचाही सडतो. पण त्यांचं पोर पडलं तर एसी खोलीत पडतं, वकील आणि मानसतज्ज्ञ दोघं उशाला बसतात. आमचं पोर फलाटावर पडतं आणि लोक पाय उचलून पलीकडे जातात.

कॅनडातच १९७० च्या दशकाच्या शेवटी सायमन फ्रेझर विद्यापीठात ब्रूस अलेक्झांडर यांनी उंदरांसाठी मोठी जागा केली, खेळायला, जोडीदार करायला, पिल्लं वाढवायला. एकट्या पिंजऱ्यातले उंदीर मॉर्फिनचं गोड पाणी जास्त पीत होते, मोकळ्या जागेतले साधं पाणी पसंत करत होते. नंतर काहींना नेमका तसाच निकाल मिळाला नाही, म्हणून मी त्यावर सगळा डाव लावत नाही. पण माणसांवरचं उदाहरण आहे. व्हिएतनामातून १९७१ साली परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या बाईंनी केला. तिथं असताना पाचातला एक जण हेरॉइन-अफूच्या तावडीत होता. घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले शंभरातले पाचेकच पुन्हा अडकले. का? युद्ध मागे राहिलं. खंदक मागे राहिला. पुलाचा वास मागे राहिला.

आमचं युद्ध कुठं मागे राहतं? गटारात उतरणाऱ्या माणसाला विचारा, उतरायच्या आधी क्वार्टर का मारतो. शुद्धीत राहून माणसाच्या गुवात गळ्यापर्यंत उतरता येतं का, हे एकदा स्वतः करून बघा आणि मग नशाबंदीवर व्याख्यान द्या. आमच्या टोळीत पोलादाच्या कॉइल काढताना बारा-बारा तास जातात. तंबाखूचा बार भरल्याशिवाय पाळी निघत नाही. निकोटीन डोपामिनला ढोसतं तेव्हाच ठेकेदाराचा माल हलतो. आमच्या मेंदूतलं रसायनही त्याच्या नफ्यात जमा होतं, हे कुठल्या ताळेबंदात लिहिलंय?

आणि माल कुठून येतो? सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातेत मुंद्रा बंदरावर दोन कंटेनरांत जवळजवळ तीन हजार किलो हेरॉइन सापडलं. कागदावर टाल्क पावडर होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळ एमडीचा कारखानाच पकडला. मी गोदीत आहे, कंटेनर म्हणजे काय ते मला माहीत आहे. तो डोक्यावर घेऊन कुणी गर्दुल्ला येत नाही. त्याला भांडवल लागतं, जहाज लागतं, कागदपत्रं लागतात, सही करणारे हात लागतात. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात हेरॉइनचं पाच ग्रॅमपर्यंतचं प्रमाण थोडं आणि अडीचशे ग्रॅमच्या वरचं व्यापारी. माझ्या मावसभावाकडे एक पुडी सापडली होती, ग्रॅमसुद्धा नाही. आत जाताना त्याची कॉलर धरली होती. याच कायद्यात ६४अ नावाचं कलम आहे. थोड्या मालासह पकडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला तयार झाला तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. हे त्याला ठाण्यात कुणी सांगितलं नाही. डॉक्टर म्हणतो आजार, शिपाई म्हणतो गुन्हा. आजारी माणसाला हातकडी घालणारा हा कुठला दवाखाना आहे?

याच मुंबईच्या किनाऱ्यावरून एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू चीनला जात होती. पेट्याच्या पेट्या. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या शेटजींची संपत्ती कापसाबरोबर त्या अफूतूनही उभी राहिली, त्यांना सर ही पदवी मिळाली, दानधर्म झाला, पुतळे झाले. चिनी माणसाच्या मेंदूची फुली कुणी मोजली नाही. विकणारा दानशूर, ओढणारा गर्दुल्ला, हा हिशोब तेव्हापासून चालू आहे.

आता सरकार. अनुसूचित जातींचं कल्याण आणि नशामुक्ती, दोन्ही खाती केंद्रात एकाच मंत्रालयाकडे आहेत, सामाजिक न्यायाच्या. म्हणजे एकाच कपाटात दोन्ही फायली. त्याच मंत्रालयाने एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, २०१९ साली अहवाल आला. दारूच्या पक्क्या आहारी गेलेल्या अडतीस माणसांत एकाला काही ना काही उपचार मिळालेला. उरलेल्या सदतीसांचं काय? त्यांच्यासाठी १५ ऑगस्ट २०२० ला अभियान सुरू झालं. फलक लागले, शपथा झाल्या, रॅली निघाल्या. शपथेने रिसेप्टर उगवत नाहीत, साहेब.

हे झालं त्यांचं. आता जरा घरचं. आपल्या चळवळीत दोन प्रकारचे लोक आहेत. एक म्हणतात, पिणाऱ्याला बैठकीत बसू देऊ नका, तो समाजाला कलंक आहे. काय फरक मग तुमच्यात आणि त्या पांढरपेशांत? ते आपल्याला वस्तीबाहेर ठेवतात, तुम्ही त्याला सतरंजीबाहेर ठेवता. शिडीच्या खालच्या पायरीखाली आणखी एक पायरी खणता. दुसरे म्हणतात, व्यवस्था बदलली की व्यसन आपोआप जाईल, तोवर थांबा. वा रे क्रांतिकारक! मेथॲम्फेटामिन सोडलेल्यांच्या मेंदूतले डोपामिनचे वाहक भरून यायला वर्षाहून जास्त काळ लागला, हे मेंदूच्या चित्रांत दिसलंय. माझा मावसभाऊ क्रांतीपर्यंत जगणार नाही. मागच्या आठवड्यात त्याच्या मांडीला गळू झालं, आता तो सुई घेतो.

सुई घेणाऱ्यांसाठी नाकोच्या केंद्रांवर ब्युप्रेनॉर्फिन देतात. जिभेखाली ठेवायची गोळी. गर्द ज्या रिसेप्टरवर बसतं तिथंच ही जाऊन बसते, पण हळू आणि अर्धीच जोर लावते. टर्की थांबते, कडाका येत नाही, माणूस कामावर जाऊ शकतो. एक नशा सोडून दुसरी देता म्हणून आपलेच कार्यकर्ते याला नाक मुरडतात. मधुमेहवाल्याला इन्शुलिन देताना नाक मुरडता का? गोळी फुकट आहे, पण केंद्र सकाळी उघडतं आणि नाकाही सकाळीच भरतो. गोळी घ्यावी तर मजुरी जाते. मजुरी घ्यावी तर गोळी जाते. समाजमंदिरातल्या डॉक्टरांनी फिरायला जा सांगण्याऐवजी एवढी वेळ बदलून आणली असती तर मी त्यांच्या गळ्यात हार घातला असता.

येत्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे. वाद घालायचा असेल त्याने तयारीने यावं. गोळीचं केंद्र संध्याकाळी सात ते नऊ उघडं राहावं म्हणून मोर्चा न्यायचा, आणि गोळी घेणारे त्या मोर्चात पुढे चालतील, मागे नाही. बांधून मारणाऱ्या केंद्रांची यादी करायची, एकेकाच्या दारात जाऊन बसायचं. थोड्या मालात पकडलेल्या पोराच्या वतीने ६४अ चा अर्ज पहिल्याच तारखेला कोर्टात पडला पाहिजे. आपल्यात जे वकील झालेत आणि जयंतीला व्यासपीठावर दिसतात त्यांनी त्यासाठी आठवड्यातला एक दिवस द्यावा, फी न घेता. आणि उपचार घेणाऱ्या पोरांना गोदीत, नाक्यावर, कुठेही, टोळीत घ्यायचं. आमच्या टोळीने एकाला घ्यायचं कबूल केलंय. मुकादम कुरकुरतोय, त्याला आम्ही बघून घेतो. वकिलांची नावं बैठकीआधी माझ्याकडे द्या. या महिन्यात मला रात्रपाळी आहे, सकाळी आठनंतर गेटवर सापडेन.